वेदना आणि निवेदन

आमच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावजयीला ‘मोठी आई’ म्हणतात. माझी मोठी आई आता पासष्टीच्या पुढे आहे. दारव्ह्याकडच्या एका खेड्यात तिने चाळीसेक हंगाम कापूस वेचला. कमरेत वाकून, ओटीत बोंडे गोळा करत, संध्याकाळी गाठोडे डोक्यावर घेऊन ती घरी येत असे. तीन वर्षांपूर्वी तिची कंबर धरली ती धरलीच. गोळ्या झाल्या, मलम झाले, शेकणे झाले. शेवटी मुलांनी पैसे जमवले आणि एका मोठ्या शहरात नेऊन तिचा एम.आर.आय. काढला. सोबत मी होते. अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी काळ्या-पांढऱ्या फिल्मा प्रकाशासमोर धरल्या आणि म्हणाले, “काही विशेष नाही. वयोमानाचे बदल आहेत. हिंडाफिरायला सांगा.”

परतीच्या एस.टी.त मोठी आई बराच वेळ बोलली नाही. यवतमाळ जवळ आल्यावर एवढेच म्हणाली, “फोटोत काही नाही, तं मंग दुखते थे काय हाय?”

हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. डॉक्टर खोटे बोलले नव्हते. यंत्रही खोटे बोलले नव्हते. पण त्या दोघांच्या खरे बोलण्यातून एक बाई खोटी ठरून घरी परतत होती. वैद्यक हा माझा विषय नव्हे. मी मराठी शिकवते. तरीही याविषयी लिहावेसे वाटले, कारण हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच भाषेचा आहे, असे माझे मत झाले आहे.

आता याच्या नेमके उलट उदाहरण. आमचे एक सहकारी पन्नाशीच्या आत आहेत. त्यांच्या कमरेत एकदा उसण भरली. त्यांनी उतावीळपणे एम.आर.आय. काढून घेतला. अहवालात मणक्यांमधली चकती ‘फुगलेली’ असल्याचे निघाले. दुखणे तीन आठवड्यांत ओसरले, पण तो शब्द मात्र राहिला. ते आता बादली उचलत नाहीत, दुचाकीवर बसत नाहीत, खाली वाकायचे म्हटले की चेहरा पाडतात. एकीला फिल्मने ‘तुझे दुखणे नाही’ असे सांगितले, दुसऱ्याला ‘तुझे दुखणे कायमचे आहे’ असे. माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही वेळी फिल्म तेवढे सांगतच नव्हती.

याला आधार आहे. १९९४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा ९८ माणसांच्या कण्याचे एम.आर.आय. काढण्यात आले. त्यांपैकी ५२ टक्के लोकांची निदान एक तरी चकती फुगलेली आढळली. २०१५ साली अशाच ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात तीन हजारांहून अधिक वेदनारहित माणसे होती. विशीतल्या ३७ टक्के माणसांच्या चकत्या झिजू लागलेल्या दिसल्या, तर ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के माणसांच्या. आणि यांपैकी कुणाचेही दुखत नव्हते! म्हणजे केस पिकावेत तशा चकत्या झिजतात. झीज आणि वेदना यांचा संबंध नाही असे नव्हे. पण एक दिसली म्हणून दुसरी असलीच पाहिजे, किंवा एक दिसली नाही म्हणून दुसरी नसलीच पाहिजे, हा न्याय टिकत नाही. गाठ, क्षयाची कीड, मोडलेला मणका, चिरडलेली नस यांचा शोध घेण्यासाठी हे यंत्र अमोल आहे. वेदना मोजण्यासाठी मात्र ते बनवलेलेच नाही.

यावर कुणी म्हणेल, कमरेचा फोटो काढून वेदना कशी दिसेल? वेदना मेंदूत असते. मेंदूचा फोटो काढा. हे म्हणणे रास्त आहे आणि गेली तीस-पस्तीस वर्षे विज्ञान तेच करत आहे. १९९० साली सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की प्राणवायूयुक्त रक्त आणि प्राणवायू दिलेले रक्त यांचे चुंबकीय गुण वेगळे असल्याने मेंदूतला हा फरक बाहेरून टिपता येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे काही सेकंदांत रक्ताचा ओघ वाढतो. यातून एफ.एम.आर.आय. हे तंत्र उभे राहिले. वर्तमानपत्रांत मेंदूच्या चित्रात लाल-पिवळे डाग दिसतात आणि खाली ‘हे पाहा वेदनेचे केंद्र’ असे लिहिलेले असते, ती चित्रे या तंत्राची.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ही चित्रे वाचायला शिकले पाहिजे, कारण तीही एक प्रकारची संहिताच आहे. मेंदूत तसा लाल रंग कुठेच नसतो. यंत्राला मिळतात ते आकडे. लक्षावधी बिंदूंपैकी कोणत्या बिंदूंवरचा फरक निव्वळ योगायोगाचा नाही, हे संख्याशास्त्राने ठरवले जाते आणि मग संगणक त्यांना रंग देतो. हे ठरवण्यात हयगय झाली तर काय होते, त्याचा एक मासला प्रसिद्ध आहे. क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’ आणि आवश्यक ती संख्याशास्त्रीय दुरुस्ती न करता हिशेब मांडला. मेलेल्या माशाच्या मेंदूतही हालचाल दिसली! या प्रयोगाचा रोख यंत्राची टिंगल करण्याकडे नव्हता. वाचन करताना सावध राहावे, इतकेच सांगायचे होते. म्हणजे हे छायाचित्र नव्हे, भाष्य आहे. आणि भाष्य म्हटले की भाष्यकार आला.

पण म्हणून या विज्ञानाला मोडीत काढणे हा आळशीपणा होईल. आपल्या क्षेत्रात तशी सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगते. या तंत्राने वेदनेविषयीची आपली समज खरोखर वाढवली आहे. २००४ साली दिसून आले की ‘हे वेदनाशामक आहे’ असे सांगून साधे मलम लावले तरी मेंदूतल्या वेदनेशी निगडित काही भागांची हालचाल खरोखरच मंदावते. म्हणजे वैद्याच्या शब्दावरचा विश्वास ही केवळ मनाची समजूत नव्हे. शरीरात त्याची काही एक वाट आहे. त्याच वर्षी वानिया आपकारियन यांच्या गटाने दीर्घकालीन पाठदुखी असलेल्यांच्या मेंदूतील करड्या द्रव्याचे प्रमाण कमी झाल्याचे नोंदवले, आणि २०११ साली दुसऱ्या एका गटाने दाखवले की उपचार लागू पडले तर यांतले काही बदल उलटही फिरतात. २०१३ साली टोर वेगर यांच्या गटाने ११४ निरोगी माणसांच्या अभ्यासातून मेंदूतील हालचालीचा एक आकृतिबंध शोधला. हाताला सोसवेल अशी ऊब आणि भाजणारा चटका यांतला फरक तो नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखत होता. गंमत म्हणजे प्रेमभंग झालेल्यांना त्या व्यक्तीचे छायाचित्र दाखवल्यावर होणारे दुःख आणि हा चटका यांतही तो फरक करू शकत होता. विरहाचा दाह आणि विस्तवाचा दाह एकच, असे आपण वर्गात किती सहज सांगतो!

या सगळ्याचे एक मोठे देणे आहे. फिल्मेत काही दिसत नाही म्हणून ज्यांना आजवर ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवले जात होते, त्यांच्या मज्जासंस्थेतच वेदनेची दारे सताड उघडी राहिलेली असू शकतात, हे आता मान्य झाले आहे. ऊतींना इजा दिसत नाही, नस दबलेली दिसत नाही, तरी वेदना खरी आहे अशा प्रकाराला वेदनाशास्त्रात स्वतंत्र नावही मिळाले आहे. मोठ्या आईच्या प्रश्नाचे हे एक संभाव्य उत्तर आहे. ते तिला कुणी दिले नाही, ही गोष्ट वेगळी.

मग माझी हरकत कशाला आहे? हरकत आहे ती ‘पुरावा’ या शब्दाला. ज्या दिवशी वेदनेचे चित्र काढता येते असे लोक मानू लागतील, त्या दिवसापासून चित्र नसलेल्या माणसाकडे ते मागितले जाईल. विमा कंपनी मागेल, मालक मागेल, नुकसानभरपाईची फाइल हाताळणारा कारकून मागेल. प्रयोगशाळेत निरोगी तरुणाला ठरावीक वेळी दिलेला चटका ओळखणे वेगळे आणि वीस वर्षांची कंबर ओळखणे वेगळे. वेदनेच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१७ साली स्पष्टच सांगितले की, एखाद्याला दीर्घकालीन वेदना खरोखर आहे की नाही, हे ठरवण्यासाठी मेंदूच्या प्रतिमांचा वापर करू नये. याच संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यासोबत जोडलेल्या टिपांत दोन गोष्टी आहेत: माणूस आपल्याला वेदना होते असे सांगतो, त्या सांगण्याचा आदर केला पाहिजे, आणि ज्याला सांगता येत नाही त्यालाही वेदना असू शकते. यंत्रे सर्वांत पुढे गेलेल्या काळात शास्त्राने पुन्हा माणसाच्या तोंडाकडे बोट दाखवावे, हे मला अर्थपूर्ण वाटते.

पुराव्याचा हा जाच यवतमाळ जिल्ह्याला नवा नाही. आमच्याकडे कीटकनाशकालाही ‘औषध’च म्हणतात. २०१७ च्या खरिपात कपाशीवर ते औषध फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. डोळ्यांपुढे अंधारी, ओकाऱ्या, धाप अशी त्यांची गाऱ्हाणी होती. पुढे २०२१ साली दोन मृतांच्या पत्नी आणि वाचलेला एक शेतकरी यांच्या वतीने थेट स्वित्झर्लंडमधील बाझलच्या न्यायालयात एका बहुराष्ट्रीय कंपनीवर दावा दाखल झाला. कंपनीने जबाबदारी नाकारली. अशा प्रकरणांत सगळा प्रश्न पुराव्याचाच होऊन बसतो, आणि पुरावा देण्याचा भार नेहमी ज्याचे शरीर आधीच थकले आहे त्याच्यावर पडतो. याच्या उलट एक प्रसंग आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याने उठलेल्या वादळानंतर उद्घाटन केले ते आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील वैशाली येडे यांनी. त्या व्यासपीठावर त्यांच्याकडे कुणी कागद मागितला नाही. त्या बोलल्या आणि ऐकले गेले. साहित्याचे काम याहून फारसे वेगळे नसावे.

येथे मला ‘वेदना’ या शब्दाकडेच वळावेसे वाटते. हा शब्द ‘विद्’ या धातूपासून आला आहे. विद् म्हणजे जाणणे. वेद त्याच धातूचा, संवेदना त्याच धातूची, आणि निवेदनही त्याच धातूचे. वेदना म्हणजे आपल्याला जाणवलेले आणि निवेदन म्हणजे दुसऱ्याला जाणवून दिलेले. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाण्याचा मार्ग भाषेतून जातो. यंत्र या मार्गावर दिवा धरू शकेल, पण मार्गाची जागा घेऊ शकणार नाही.

वेदनेपुढे भाषा लुळी पडते, हे मत पाश्चात्त्य समीक्षेत चांगले रुजलेले आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली आजारपणावरील निबंधात इंग्रजीच्या या दारिद्र्याबद्दल तक्रार केली होती. १९८५ साली इलेन स्कॅरी यांनी तीव्र शारीरिक वेदना भाषेलाच उद्ध्वस्त करते, असा सिद्धान्त मांडला. आपल्याकडेही हे मत आदराने उद्धृत केले जाते. मराठीपुरते तरी मला ते अपुरे वाटते. गळू ठसठसते, दाढ ठणकते. कळ येते आणि जाते. म्हणून बाळंतपणाच्या कळा असतात, ठणके नसतात. सणक विजेसारखी धावते. चमक हालचाल करताना अचानक भरते. खरचटलेले चुरचुरते, तिखट झोंबते, आत राहिलेला काटा सलतो. एकाच स्थितीत राहिले की रग लागते. पोटरीत गोळा येतो, तापात अंग मोडून येते, पायाला मुंग्या येतात. हे अलंकार नव्हेत. वेदनेची गती, खोली, कालावधी आणि जागा यांचे हे काटेकोर वर्गीकरण आहे, आणि ते कुणा पंडिताने नव्हे, सोसणाऱ्यांनी केले आहे.

वैद्यकाला याची किंमत ठाऊक आहे. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली मॅकगिल विद्यापीठात वेदनेची जी प्रश्नावली सिद्ध केली, ती म्हणजे रुग्णांच्या तोंडून येणाऱ्या ७८ विशेषणांची २० गटांत लावलेली मांडणी आहे. एक छोटा शब्दकोशच. २००५ साली फ्रान्समध्ये तयार झालेल्या एका साध्या चाचणीत नसेचे दुखणे ओळखण्यासाठी दहा बाबी तपासतात. त्यांतल्या सात केवळ विचारून कळणाऱ्या आहेत: आग होते का, विजेसारखा झटका बसतो का, मुंग्या येतात का, बधिर वाटते का, आणि अशाच आणखी काही. स्नायूचे दुखणे आणि नसेचे दुखणे यांची औषधे वेगळी असतात. म्हणजे ‘आग होते’ आणि ‘रग लागते’ यांतला फरक ज्याला कळला नाही, त्याचा उपचारही चुकू शकतो.

मोठी आई काय म्हणत होती, ते मला आठवते. “कमरीतून कय निंगते अन् पायात उतरते जी.” वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘कय’ म्हणजे कळ. ही कळ निघते, उतरते, तिला दिशा आहे. हे सगळे तिने एका वाक्यात सांगितले होते. तपासणीच्या कागदावर मात्र ‘कंबरदुखी’ एवढेच उतरले. कोलाम, गोंड आणि बंजारा स्त्रियांची तर मराठी ही मुळात दुसरी भाषा. त्यांचे किती वाक्य त्या कागदापर्यंत पोचत असेल?

ऐकून काय साधते, याचा दाखला आपल्याच विदर्भात आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. इतके दुखणे त्या गावांत होते आणि सरकारदरबारी ते जवळजवळ नव्हतेच. ते उघड झाले ते कुणीतरी गावात जाऊन विचारले, तपासले आणि ऐकले म्हणून. राणीताईंच्या पुस्तकाचे नावच ‘कानोसा’ आहे, हे मला फार बोलके वाटते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की माणसे वाढवून सांगतात, कधी खोटेही सांगतात. खरे आहे. पण प्रतिमेचा अर्थही चुकतो, हे आपण वर पाहिले. दोन्ही अपुऱ्या साक्षी असतील तर त्या एकमेकींसमोर ठेवून तपासायच्या असतात. एकीला न्यायाधीश आणि दुसरीला आरोपी करायचे नसते. दुसरा आक्षेप डॉक्टरांच्या बाजूचा आहे: बाहेर शंभर रुग्णांची रांग असताना कोण कोणाचा कानोसा घेणार? हा आक्षेप मला पटतो. दोष एकट्या डॉक्टरचा नाही. पण यंत्राला वीस-तीस मिनिटे देणाऱ्या व्यवस्थेने माणसाला पाच मिनिटे द्यावीत, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

आणि आपले काय? डॉक्टरांना बोल लावण्याआधी आपण आपल्या वर्गात डोकावावे. आम्ही ‘वेदना’ हे भाववाचक नाम करून टाकले आहे. उत्तरपत्रिकांमधून ‘वेदनेचा कलात्मक आविष्कार’ दरवर्षी शेकड्याने तपासते मी. कुणाचे काय दुखत होते, हे त्यांत एकदाही आढळत नाही. शरीराच्या दुखण्याला आम्ही प्रतीक समजतो आणि मग ते शरीराचे राहत नाही. फिल्म पाहून ‘काही नाही’ म्हणणारा आणि कविता वाचून ‘अस्तित्वाची वेदना’ म्हणणारा, दोघेही सांगणाऱ्याचे वाक्य अर्ध्यात तोडतात. त्यातच आमचे विद्यार्थी आता ‘बॅक पेन आहे’ म्हणू लागले आहेत. परभाषेतल्या शब्दाबद्दल माझे भांडण नाही. पण त्या एका शब्दाखाली सणक, चमक, रग, उसण आणि कळ गाडल्या जात आहेत, त्याची चिंता वाटते.

म्हणून एक साधी सूचना करते. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पांसाठी आपण दरवर्षी विषय शोधत असतो. जिल्ह्यातील आपापल्या गावच्या माणसांकडून दुखण्याचे शब्द गोळा करावेत. कोणता शब्द शरीराच्या कोणत्या जागी, कोणत्या प्रकारच्या दुखण्याला वापरतात, हे वापरातल्या वाक्यासह नोंदवावे. वऱ्हाडी, गोरमाटी, गोंडी, कोलामी असे वेगवेगळे लिहावे. आणि ती वही जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरच्या टेबलावर ठेवावी. तो बहुधा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला असतो आणि ‘कय’ म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. मराठीच्या पदवीचा उपयोग काय, असे आपल्याला नेहमी विचारतात. हा एक उपयोग आहे.

मोठ्या आईची कंबर अजून दुखते. आता ती वेचायला जात नाही. फिल्मांचे पाकीट तिने कोनाड्यात देवाच्या तसबिरीमागे ठेवले आहे; इतके पैसे खर्चून आणलेली वस्तू टाकवत नाही. मागच्या दिवाळीत गेले तेव्हा मी तिच्याजवळ बसले आणि विचारले, “मोठ्या आई, नेमकं कसं दुखतं?” ती जवळजवळ पाऊण तास बोलली. दुखणे कमी झाले नाही. पण उठताना ती म्हणाली, “आज विचारलं बाई कोनं तरी.”